गोळी तीच, प्रश्न वेगळा

औषधाविषयी आपल्या घरांतून दोन समजुती एकाच वेळी नांदत असतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मध्येच बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण, ही पहिली. दिवस गेलेल्या बाईने कोणतीही गोळी घेणे म्हणजे पोटातल्या जिवाशी खेळ, ही दुसरी. एरवी या दोघी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. परंतु लग्नानंतर बरीच वर्षे वाट पाहून, औषधोपचार घेऊन, घरात पाळणा हलण्याची आशा निर्माण होते, तेव्हा त्या एकाच उंबरठ्यावर समोरासमोर उभ्या ठाकतात. ज्या गोळीच्या मदतीने दिवस राहिले ती आता चालू ठेवावी की थांबवावी? चालू ठेवावी तर बाळाचे काय, आणि थांबवावी तर गर्भाचे काय?

२०२३ सालच्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या घरी आला. आज आमची मुलगी धावू-बोलू लागली आहे, म्हणून त्याविषयी निवांतपणे लिहिता येते. हाच प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत दार लोटून, हलक्या आवाजात बोलला जातो याची कल्पना आम्हांस गेल्या काही वर्षांत आली आहे. म्हणून हे लिहिणे.

आम्ही दोघे मूळचे वसईकडचे. नोकरीनिमित्त एरंडोलला येऊन अकराहून अधिक वर्षे झाली. अंजनी नदीकाठचे हे जुने गाव. धुळे-जळगाव महामार्गावर असूनही आपल्या गतीने चालणारे. ब्रिटिश अमदानीतील खानदेशच्या गॅझेटियरमध्ये या गावच्या हातकागदाची नोंद आढळते. कागद करणाऱ्या त्या गावात आमच्या घरी मात्र डॉक्टरांच्या कागदांचीच थप्पी वाढत गेली. सोनोग्राफीचे अहवाल, रक्ताचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या. त्या प्रत्येकावर चार इंग्रजी अक्षरांचे एक नाव असे : पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम.

या विकाराचे आधुनिक वर्णन प्रथम १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी केले. पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांचे बीजांडकोश मोठे झालेले व बारीक बारीक पुटकुळ्यांनी भरलेले त्यांना आढळले. नावात ‘सिस्ट’ असल्यामुळे पुष्कळ जणींना पोटात गाठी झाल्याची धास्ती वाटते. वास्तविक त्या गाठी नव्हेत. पूर्ण पिकण्याआधीच वाढ खुंटलेल्या स्त्रीबीजांच्या त्या पिशव्या होत. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडावे, ते पडत नाही. मग पाळी लांबते आणि दिवस राहण्यास विलंब लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील बहुसंख्य जणींना तो असल्याचे ठाऊकही नसते. तेव्हा रविवारच्या मिस्सेला जमलेल्या बायकांपैकी कितीजणी हे ओझे मुकाट्याने वाहत असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. ‘काही आहे का?’ या आपल्या प्रेमळ चौकशीला त्या काय उत्तर देत असतील, याचाही करावा.

या विकाराच्या मुळाशी अनेकींच्या बाबतीत इन्सुलिन असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिकाधिक पाझरते. आणि रक्तातले हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्यास भाग पाडते. म्हणून मधुमेहावरची एक गोळी या विकारातही दिली जाऊ लागली : मेटफॉर्मिन. युरोपात जांभळट फुलांची गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे. तिच्यात सापडलेल्या द्रव्याच्या कुळातली ही गोळी. पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेहावर तिचा वापर प्रसिद्ध केला. गोळी स्वस्त, जुनी आणि चांगली ओळखीची. कडवट चवीची, सुरुवातीला पोट बिघडवणारी, पण निभावून नेणारी. आमच्या घरी ती सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर चार वर्षे होती. मिठाच्या बरणीशेजारी तिची पट्टी असे.

२०२१ साली पहिल्यांदा दिवस राहिले. तेव्हा ज्या डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनी तपासणी होताच गोळी बंद करावयास सांगितले. तीन आठवड्यांनी, नवव्या आठवड्यात, गर्भ राहिला नाही. त्या दिवसांविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांच्या वाट्याला हे आले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि इतरांना सांगून कळणार नाही. मात्र त्या दुःखातून घरात एक वाक्य जन्मले आणि ते दोन वर्षे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे टिकटिकत राहिले : गोळी थांबवली आणि गर्भ गेला. वसईहून आलेली आई हे वाक्य उसासा टाकून म्हणे. आम्ही ते मोठ्याने म्हणत नव्हतो, इतकेच.

२०२३च्या जुलैअखेरीस पुन्हा चाचणीवर दोन रेषा उमटल्या, तेव्हा आनंदाच्या आधी तेच वाक्य आठवले. आणि मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मुंबईच्या एका नातेवाईक डॉक्टरांनी फोनवर सांगितले, ‘दिवस राहिले, गोळीचे काम संपले. आजच बंद करा.’ परदेशात असलेल्या आमच्या एका बहिणीला तिच्या डॉक्टरांनी ती नऊ महिने चालू ठेवावयास सांगितली होती; तिची दोन्ही मुले धडधाकट. शेजारच्या काकूंनी, ज्यांनी आमच्या पहिल्या दुःखात आठवडाभर आमच्या घरी भाकऱ्या पोचवल्या, मायेने डोक्यावरून हात फिरवून अहिराणीत सांगितले, ‘माय, आते तू एकली नही शे.’ आता तू एकटी नाहीस. त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एवढाच की औषधे फेकून दे. तिघांचेही प्रेम खरे होते. तिघांचेही सल्ले एकमेकांच्या उलट होते.

जळगावच्या ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही यावेळी नाव घातले होते, त्यांच्यापुढे आम्ही हे सारे मांडले. आमची अपेक्षा अशी की त्या एका शब्दात निकाल देतील. त्यांनी उलट आम्हांलाच विचारले, ‘ही गोळी तुम्ही आता कशासाठी घेणार आहात, ते मला सांगा.’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. चार वर्षे घेतलेल्या गोळीचे कारण आम्हांला एका वाक्यात सांगता येईना. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, ‘आधी कारणे लिहू. मग प्रत्येक कारणापुढे पुरावा लिहू. निर्णय त्यानंतर.’

पहिले कारण, बीज पिकावे. ते काम झाले होते. दिवस राहिले होते. त्या कारणापुढे त्यांनी रेघ ओढली.

दुसरे कारण, गर्भ पडू नये. आमचा जीव येथेच अडकला होता. डॉक्टरबाईंनी समजावले की ही आशा आकाशातून पडलेली नाही. २००१-०२च्या सुमारास अमेरिकेत आणि व्हेनेझुएलात काही छोटे अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांनी मेटफॉर्मिन चालू ठेवले त्यांच्यात सुरुवातीचे गर्भपात पुष्कळ कमी दिसले. जगभर डॉक्टर ती लिहून देऊ लागले. परंतु त्या अभ्यासांत कोणी गोळी घ्यावी व कोणी घेऊ नये हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. ज्यांनी घेतली त्या व ज्यांनी घेतली नाही त्या यांची नंतर तुलना झाली होती. अशा तुलनेत गोळीखेरीज इतर पुष्कळ गोष्टी वेगळ्या असू शकतात. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक हे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, आणि तो दोष बीज फळतानाच आलेला असतो. कोणतीही गोळी त्याला बदलू शकत नाही. नंतरच्या काटेकोर अभ्यासांतून सुरुवातीच्या गर्भपाताबाबतची ती आशा पक्की झाली नाही. डॉक्टरबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचा २०२१चा गर्भ गोळी थांबवल्यामुळे गेला, असे म्हणायला मला कोणताही आधार दिसत नाही.’

वाचकहो, हे एक वाक्य ऐकण्यासाठी आम्ही दोन वर्षे थांबलो होतो, हे ते ऐकल्यावर कळले. बाहेर येऊन आम्ही बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

तिसरे कारण, गर्भकालीन मधुमेह टाळावा. या विकाराच्या स्त्रियांना तो होण्याचा धोका अधिक असतो. मग मधुमेहाचीच गोळी आधीपासून घेतली तर तो टळेल, असे कोणालाही वाटावे. नॉर्वेतील डॉक्टरांनी हे पडताळून पाहिले. २०१० साली त्यांचा २५७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि २०१९ साली नॉर्वे, स्वीडन व आइसलंड मिळून ४८७ स्त्रियांचा. येथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या जणींना खरी गोळी व निम्म्या जणींना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. कोणाला कोणती हे त्या स्त्रियांनाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. दोन्ही गटांत मधुमेह सारखाच झाला. दुसऱ्या अभ्यासात दोन्हीकडे सुमारे २५ टक्के. तिसऱ्या कारणापुढेही रेघ.

चौथे कारण, उशिराचा गर्भपात किंवा वेळेआधीचे बाळंतपण टाळावे. येथे मात्र रेघ ओढता आली नाही. २०१९च्या त्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के, तर पोकळ गोळीवाल्यांत १० टक्के होते. तेवढ्या एका अभ्यासात हा फरक निर्णायक म्हणण्याइतका ठरला नाही, परंतु आधीच्या अभ्यासांचे आकडे त्यात मिळवल्यावर तो ठळक झाला. ऑगस्ट २०२३मध्ये या विकाराविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध झाली. त्यांतही ज्या स्त्रियांना वेळेआधी बाळंत होण्याचा धोका आहे, अशा काहींच्या बाबतीत गोळीचा विचार करता येईल, एवढेच म्हटले आहे.

आता कागदाची दुसरी बाजू, बाळाची. मेटफॉर्मिन वारेतून आरपार जाते. आईच्या रक्तात जेवढे, जवळजवळ तेवढेच बाळाच्या रक्तातही आढळते. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्याचबरोबर हेही खरे की आजवर लाखो गरोदर स्त्रियांनी ती घेतली आहे आणि बाळांत व्यंग वाढल्याचे दिसलेले नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली गरोदरपणातील तिच्या वापराविषयी दिलासा देणारा निर्वाळा दिला. राहतो तो दूरचा प्रश्न. नॉर्वेच्या अभ्यासांतील मुले पाच ते दहा वर्षांची झाल्यावर त्यांची मोजमापे घेतली, तेव्हा ज्यांच्या आयांनी खरी गोळी घेतली होती ती मुले सरासरीने काहीशी अधिक वजनदार भरली. पुढे त्याचा काय परिणाम होईल हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा दूरचा प्रश्न नॉर्वेपेक्षा आपल्याकडे अधिक जवळचा आहे, हे आम्हांस पुण्याच्या संशोधनामुळे उमगले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले आहेत. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची; साहेबाच्या देशातील बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. तरी या किरकोळ दिसणाऱ्या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. बारीक दिसणारे, पण चरबीने श्रीमंत असे आपले बाळ पुढे मधुमेहाकडे झुकते, आणि त्याची बीजे आईच्या पोटातच पेरली जातात. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ कमी होते, हे सर्वमान्य आहे! डॉक्टरबाईंनी तपासणी करून घेतली. आमच्याकडे ते कमीच निघाले, आणि त्याचा उपचार सुरू झाला. गोळी ठेवावी की सोडावी या वादात घरातल्या कोणाच्याही ध्यानी न आलेली ही गोष्ट होती.

त्या कागदावर विचार करताना आम्ही जुनी दोन उदाहरणे वाचून काढली. १९३८ साली इंग्लंडमध्ये डाय-इथिल-स्टिल्बेस्ट्रॉल नावाचे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झाले. गर्भ टिकावा म्हणून ते लक्षावधी स्त्रियांना दिले गेले. १९५३ साली शिकागोच्या काटेकोर अभ्यासाने त्याचा काही उपयोग नसल्याचे दाखवले, तरी अमेरिकेत ते पुढे अठरा वर्षे दिले जात राहिले. कारण गर्भ गमावलेल्या आईला ‘काहीच देऊ नका’ असे सांगणे डॉक्टरलाही जड जाते. १९७१ साली बोस्टनमध्ये त्या मातांच्या तरुण मुलींत एक दुर्मीळ कर्करोग दिसला, तेव्हा कोठे जाग आली. मेटफॉर्मिन म्हणजे ते औषध नव्हे, आणि दोहोंची तुलना करून कोणाला घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. पण आशेपोटी घेतलेल्या औषधालाही पुरावा मागावा लागतो, हा धडा त्यातून घ्यावा.

दुसरे उदाहरण थॅलिडोमाइडचे. १९५७ ते १९६१ या काळात मळमळीवर घेतलेल्या त्या गोळीने हजारो बाळे हातापायांविना जन्मली. ‘गरोदर बाईने औषध घेऊ नये’ या भीतीचे एक मोठे मूळ तेथे आहे, आणि ती भीती अनाठायी नाही. पण तिचेही टोक गाठले की घात होतो. थायरॉईडची गोळी दिवस राहिल्यावर भीतीने बंद करणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. वास्तविक त्या काळात तिची मात्रा पुष्कळदा वाढवावी लागते. याउलट चेहऱ्यावरील केसांसाठी याच विकारात दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी दिवस राहण्याआधीच थांबवावी लागते, कारण ती मुलग्याच्या गर्भाच्या घडणीत व्यत्यय आणू शकते. सारांश, ‘पीसीओएसची औषधे’ असा एक गठ्ठा नसतोच. प्रत्येक गोळीला आपला प्रश्न असतो आणि आपले उत्तर.

मग आम्ही काय ठरवले? डॉक्टरबाईंनी सांगितले की यात एकच एक बरोबर उत्तर नाही. आज थांबवली तरी त्यांची हरकत नव्हती. बारा आठवडे घेऊन थांबवली तरी नव्हती. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हा निर्णय ‘आम्ही’ घेतला असे लिहितो खरे. परंतु गोळी एकीच्या घशाखाली जात होती, मळमळ एकीच्याच वाट्याला होती आणि रात्री पोटावर हात ठेवून जागणारीही एकच होती. दुसऱ्याने कागद वाचावेत, प्रश्न विचारावेत, दवाखान्यात सोबत बसावे. पण शेवटचा शब्द जिच्या शरीरात हे घडते तिचा असावा, असे आमचे आधीच ठरले होते. तिचा शब्द असा पडला : बारा आठवडे घ्यायची, मग थांबायचे. पहिल्या बारा आठवड्यांसाठी पुरावा दोन्ही बाजूंनी बोलत नव्हता, म्हणून तेथे मनाच्या शांतीला वजन दिले. पुढच्या महिन्यांत वेळेआधी बाळंत होण्याचा विशेष धोका आमच्याकडे नव्हता आणि बाळाच्या पुढील वजनाचा प्रश्न शिल्लक होता, म्हणून तेथे थांबणे योग्य वाटले.

८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, आम्ही प्रार्थनेला बसलो. दुसऱ्या दिवशी बारा आठवडे पूर्ण झाले आणि गोळीची पट्टी मिठाच्या बरणीशेजारून उचलली. प्रार्थना आणि पुरावा यांचे भांडण आम्हांस कधी जाणवले नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. आम्ही गोळीचे उत्तर प्रार्थनेत मागितले नाही. उत्तर काहीही आले तरी एकमेकांवर दोष न ढकलण्याचे बळ तेवढे मागितले.

डिसेंबरच्या मध्यावर, सव्विसाव्या आठवड्यात, साखरेची दुसरी तपासणी झाली. आपल्याकडील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या भेटीत व पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत व्हावयाची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून प्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त द्यावयाचे. उपाशीपोटीच यावे अशी अट नसलेली ही सुटसुटीत पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवली. एरंडोलसारख्या गावाहून सकाळच्या एसटीने येणाऱ्या बाईला ती किती सोयीची, हे शहरात राहून समजणार नाही. १४० ही मर्यादा. आमचा आकडा १५२ आला.

घरात जुने वाक्य नव्या वेषात परत आले. ‘गोळी थांबवली म्हणून साखर वाढली.’ यावेळी मात्र आमच्याजवळ उत्तर होते. त्या कागदावरची तिसरी रेघ आम्ही आईला दाखवली : गोळी घेणाऱ्यांतही चारांतील एकीला, न घेणाऱ्यांतही चारांतील एकीला. आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘मग अगं, तेव्हाही तसंच असेल.’ ‘तेव्हा’ म्हणजे कधी, हे कोणी विचारले नाही.

पहिले दोन आठवडे आहारावर गेले. नेमका नाताळ त्यांतच आला. वसईहून आलेला फराळाचा डबा शेजारीपाजारी वाटला. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून केळे मोजून खाणे, हाही एक उपवासच. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, मेथी, डाळ, आणि जेवणानंतर अंगणात फेऱ्या. काकूंनी आता आपला सल्ला बदलून भाकरीचा आकार लहान केला. तरीही जेवणानंतरचा आकडा १२०च्या खाली स्थिर होईना.

डॉक्टरबाईंनी दोन मार्ग ठेवले. राष्ट्रीय तत्त्वांनुसार पहिली पसंती इन्सुलिनची, कारण ते वारेतून पलीकडे जात नाही. वीस आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनचाही विचार करता येतो. २००८ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ७५१ स्त्रियांच्या अभ्यासात दोन्ही मार्गांनी बाळांच्या तात्काळ अडचणी सारख्याच राहिल्या, मात्र गोळी घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना पुढे इन्सुलिनचीही जोड लागली. आमची साखर थोडीच वर होती आणि गोळी अंगाला सवयीची. जानेवारीच्या आरंभी, आकडे न उतरल्यास इन्सुलिन घ्यायचे असे ठरवून, तीच पट्टी पुन्हा मिठाच्या बरणीशेजारी आली.

हे पाहून पुष्कळांना हसू आले. चार महिन्यांपूर्वी सोडली, आता पुन्हा धरली! आम्हांस त्यात विसंगती दिसली नाही. सप्टेंबरमध्ये गोळीपुढे नेमका प्रश्न उरला नव्हता, म्हणून ती थांबली. जानेवारीत आईच्या रक्तातली वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जात होती आणि तीही बाळाच्या वाढीवर परिणाम करणारीच होती. तेव्हा गोळीपुढे स्पष्ट प्रश्न उभा होता आणि तिच्या कामाचे माप दर आठवड्याला रक्तात दिसत होते. गोळी तीच होती, प्रश्न वेगळा होता.

मार्च २०२४च्या मध्यावर, उपवासकाळात, आमची मुलगी जन्मली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासली, ती उतरली होती. तरी ही तपासणी पुढेही करीत राहावयाची आहे, कारण ज्यांना गर्भकालीन मधुमेह होतो त्यांना पुढे कायमच्या मधुमेहाचा धोका अधिक असतो. बाळाचे वजन-उंचीही आम्ही नेमाने नोंदवतो.

मुलगी सुखरूप आहे, म्हणून आमचे निर्णय बरोबर ठरले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. २०२१ साली वाईट घडले म्हणून तो निर्णय वाईट होता असे जर म्हणता येत नसेल, तर २०२४ साली चांगले घडले म्हणून हे निर्णय चांगले होते असेही म्हणता येणार नाही. एका घराच्या अनुभवाने औषधाचा निकाल लागत नसतो. आमच्या परदेशातील बहिणीच्या दोन धडधाकट मुलांनीही लागत नाही. निर्णय चांगला की वाईट हे तो घेतेवेळी काय ठाऊक होते, काय विचारले आणि कोणी विचारले यावरून ठरते.

म्हणून आपल्यापैकी ज्या घरात आज हा प्रश्न असेल, त्यांना आमचे उत्तर उचलू नका असेच सांगावेसे वाटते. कोणाला वेळेआधी बाळंत होण्याचा धोका असेल, कोणाला आधीपासूनच मधुमेह असेल. त्यांचे उत्तर आमच्याहून निराळे असेल. मनाने गोळी बंद करू नये, मनाने चालूही ठेवू नये. डॉक्टरांसमोर बसून विचारावे : ही आता कशासाठी? तिचा उपयोग झाल्याचे कशावरून कळेल? आणि कधी थांबायची? हे तीन प्रश्न विचारण्यास इंग्रजी लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

आणि ज्या घरात हा प्रश्न नाही, त्यांनी शेजारच्या घरातील रिकाम्या पाळण्याची चौकशी जरा बेताने करावी. गर्भ गेलेल्या आईला कारण शोधून देण्याची घाई करू नये. घाईने दिलेले कारण ती वर्षानुवर्षे उशाशी घेऊन झोपते. आमच्या काकूंसारख्या भाकऱ्या पोचवाव्यात, तेवढे पुरते.